गुप्ते काकांचं बसवलेलं पाणी

गुप्ते काकांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांचं शंभर लिटर पाणी ओतून दिलं म्हणून.

त्याचं असं झालं. बदलापूरच्या कात्रप भागातल्या आमच्या सोसायटीचा मी नुकताच सेक्रेटरी झालो होतो. झालो म्हणजे, सभेला उशिरा पोचलो आणि तोवर बाकीच्यांनी मला निवडून टाकलं होतं. नव्या सेक्रेटरीचा उत्साह साधारण तीन महिने टिकतो. माझा दुसरा महिना चालू होता. दिवस डेंग्यूचे. नगरपालिकेची माणसं येऊन कुंड्यांखालच्या बशा तपासून गेली होती आणि जाताना मला बजावून गेली होती, "साचलेलं पाणी कुठे दिसता कामा नये, साहेब." मला कोणी साहेब म्हटलं की माझ्या हातून काहीतरी मोठं घडतंच. मी बाह्या सरसावून जिने चढत गेलो. तिसऱ्या मजल्यावर, नव्यानेच राहायला आलेल्या कुणा गुप्त्यांच्या दाराशी, दोन निळे ड्रम उभे. तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं. फडकं बांधलंय त्या अर्थी लपवायचंच आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि दोन्ही ड्रम कलंडले.

पाणी तीन मजले धावत खाली गेलं. पहिल्या मजल्यावर आमचं घर. तिथून माझी बायको वैशाली बाहेर येऊन ओरडली, "कोण मूर्ख आहे रे वर?"

दार उघडून एक काटकुळे गृहस्थ बाहेर आले. बनियन, पायजमा, आणि कानावर पेन्सिल. त्यांनी ड्रमांकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दोन दिवस," ते म्हणाले.

"काय?"

"माझे दोन दिवस ओतलेत तुम्ही. शुक्रवार सकाळपासूनचं होतं."

"काका, साचलेलं पाणी ठेवायचं नाही असा नियम आहे."

"साचलेलं नाही हो. बसवलेलं, नळाचं क्लोरीन उडून जायला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "या आत. कुणाचं ओतलंत ते तरी बघून जा."

आत, जिथे बाकीच्यांच्या घरात टीव्ही असतो तिथे, चार फूट लांब काचेची टाकी होती. तळ मोकळा, मातीचे दोन कुंडे आडवे घातलेले. त्यातल्या एका कुंड्यातून वीतभर लांबीचा एक गोरापान प्राणी तोंड बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले, चार इवले पाय, पापण्या नसलेले काळे डोळे आणि तोंडावर कायमचं हसू.

"पाल आहे का?" मी विचारलं. त्या दिवशी मी थांबायलाच तयार नव्हतो.

"ॲक्सोलॉटल. मेक्सिकोतल्या तळ्यातला. मोठा होतच नाही, जन्मभर पोरच राहतो. माझी मृणाल कॉलेजात असताना घेऊन आली, मग नोकरीला बंगळूरला गेली. जाताना म्हणाली, बाबा, दोन आठवडे सांभाळा. तीन वर्षं झाली." त्यांनी काचेवर हलकेच टिचकी मारल्यासारखं केलं, पण मारली नाही. "मी इन्स्पेक्टर म्हणतो. आमच्या कारखान्यात दर वर्षी बॉयलर इन्स्पेक्टर यायचा. असाच. बोलायचा काही नाही, पापणी हलवायचा नाही. नुसता हसायचा, आणि आम्ही सगळं पुन्हा तपासायला लागायचो."

गुप्ते काकांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. बॉयलर सांभाळणं म्हणजे आग सांभाळणं असं मला वाटायचं. ते म्हणायचे, आग कुणीही लावतो, सांभाळायचं असतं पाणी. पाणी जड असलं की नळ्यांत आतून खडू धरतो, खडू धरला की नळी तापते, आणि मग जे होतं ते सांगायला कोणी उरत नाही. म्हणून दर दोन तासांनी पाणी तपासायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर नातवंडांत रमतात. काकांना तपासायला चार फुटांचं पाणी मिळालं. "पस्तीस वर्षं पाण्याची वाफ केली," ते म्हणायचे, "आणि आता तेच पाणी दोन अंश गार करायला जीव जातोय माझा."

ते खरंच होतं. इन्स्पेक्टरला गार पाणी लागायचं आणि काका राहायचे बदलापुरात, जिथे एप्रिलमध्ये बाल्कनीतल्या तारेवर हात ठेववत नाही. टाकीवर टेबल पंखा लावलेला असायचा. काका स्वतः पेपरने वारा घेत. बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत आळीपाळीने तरंगत. त्यांचा फ्रीज लहान, म्हणून दोन बाटल्या आमच्या फ्रीझरमध्ये आल्या. त्यांच्यावर मार्करने लिहिलं होतं, "इन्स्पेक्टर". वैशालीने आठवडाभर मटारांची जागा गेली म्हणून माझ्याशी अबोला धरला. ड्रमांवर तोवर पाटी लागली होती: "हे पाणी बसवलेलं आहे. ओतू नये. विशेषतः सेक्रेटरींनी."

वैशालीचा राग गेला तो टँकरमुळे. मे महिन्यात नळाचं पाणी आटलं आणि कुठल्यातरी बोअरवेलचं पाणी टँकरने येऊ लागलं. काका खाली उतरले. खिशातून काचेची नळी काढली, त्यात टँकरचं पाणी घेतलं, साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाकले, अंगठ्याने तोंड दाबून नळी हलवली आणि उजेडात धरली. हा त्यांचा अंगठा आणि ती उजेडात धरलेली नळी, काका म्हटलं की मला आधी हे दिसतं. फेस धरेना. ते जमलेल्या बायकांना म्हणाले, "पाणी जड आहे, आज डाळ शिजणार नाही. घरात भरून ठेवलेलं असेल त्यात लावा." बायका हसल्या. त्या दिवशी इमारतीत सतरा कुकर फुकट शिट्ट्या मारत राहिले. एकट्या वैशालीने, भांडायला नको म्हणून, पिंपातलं पाणी घेतलं होतं. आमची डाळ लोण्यासारखी शिजली. तेव्हापासून टँकर आला की ही जिन्यातून हाक मारायची, "काका, आज वरण की पिठलं?" आणि वरून उत्तर यायचं, "पिठलं!"

काकांचं एक रजिस्टर होतं. कारखान्यात होतं तसंच, लांबट, लाल कापडी पाठीचं. तारीख, वेळ, तापमान, अमोनिया, नायट्राईट, शेरा. रोज सकाळी सातला नळीतल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघायचे आणि नोंद करायची. मी रविवारी चहाला जायचो तेव्हा मलाही शिकवायला बसले. अमोनिया नसला की पाणी पिवळं, असला की हिरवं. नायट्राईट नसलं की आकाशी, असलं की जांभळं. "पिवळं आणि आकाशी, सेक्रेटरी. दोन रंग लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल." शेऱ्याच्या रकान्यात असायचं, "इन्स्पेक्टरने तीन गांडुळं घेतली. मर्जी बरी." किंवा, "मृणालचा फोन. इन्स्पेक्टरला दाखवला. प्रतिसाद नाही."

एकदा त्यांनी चुकून तापमान अठराऐवजी एक्याऐंशी लिहिलं. मी म्हटलं, खोडरबर देऊ? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू टाकीत साबण टाकतोय. आकड्यावर एकच बारीक आडवी रेघ मारली, वर अठरा लिहिलं आणि बाजूला सही केली. "रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. नवीन होतो तेव्हा मी एकदा रबराने खोडला होता. आमचे हेड म्हणाले, गुप्ते, आकडा चुकला तर माणूस ओरडा खातो. आकडा नाहीसा झाला तर बॉयलर फुटतो."

दुसरी त्यांची गोष्ट होती चार्जची. बॉयलरवरचा माणूस पाळी संपली म्हणून उठून जात नाही. पुढचा माणूस येतो, पाण्याची पातळी दाखवणारी काच स्वतः बघतो, मग जाणारा म्हणतो, "चार्ज दिला," आणि येणारा म्हणतो, "चार्ज घेतला." तोंडाने. मान हलवून चालत नाही. तोवर जागा सोडायची नाही. काकांच्या साखरपुड्याच्या दिवशी त्यांच्या बदलीचा माणूस आलाच नाही. काका चार्ज घेऊन बसून राहिले. अंबरनाथहून कल्याणला पोचले तेव्हा मुलीकडच्यांचे पोहे खाऊन झाले होते आणि मुलगा पळाला असं ठरतही आलं होतं. "बायकोने आयुष्यभर ऐकवलं," ते सांगायचे आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसायचे, "की आधी बॉयलरशी लागलं तुमचं."

टाकीत एक स्पंज होता. हवेच्या नळीला लावलेला, काळपट, बुळबुळीत. बाकी टाकी एवढी नेटकी आणि तेवढाच ओंगळ. वैशालीने एकदा विचारलंच, "काका, हा का नाही हो धुवत?"

"त्यात वस्ती आहे," काका म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारी. इन्स्पेक्टर जी घाण करतो तिचं विष होतं, तेच ते अमोनिया-नायट्राईट. ही मंडळी ते विष खाऊन संपवतात. पाणी काचेसारखं दिसलं म्हणजे चांगलं असतं असं नाही. ही वस्ती बसायला दीड महिना जातो आणि नळाच्या पाण्याखाली धरली की दोन मिनिटांत साफ. फारच गाळ झाला तर टाकीतलंच काढलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात हलकेच पिळायचा."

"म्हणजे विरजणच की," ती म्हणाली.

काका उठून उभे राहिले. "विरजण! बरोब्बर, वैशाली! मृणालला मी दोन वर्षं हेच सांगायचा प्रयत्न करतोय आणि मला शब्द सापडत नव्हता."

हे संभाषण झालं तेव्हा मी तिथेच होतो, हे मला इथे नमूद करायला हवं. चहात बिस्कीट बुडवत होतो. ऐकलंही होतं.

उल्हासनगरला घनशामदास नावाच्या सिंधी शेठचं माशांचं दुकान होतं. एकदा थर्मामीटर आणायला काका मला घेऊन गेले. शेठ मोठा गोड माणूस. निळ्या औषधाची बाटली पुढे करून म्हणाला, "साईं, ये ले जाओ. दो बूँद डालो, पानी एकदम काँच के माफिक."

"काँच के माफिक दिखता है, लेकिन अंदर क्या है वो बोलो ना," काका म्हणाले आणि खिशातून नळी काढून त्यांनी सरळ शेठच्या टाकीत बुडवली.

"अरे अरे! म्युनिसिपालटी से आए हो क्या?"

"नहीं. बॉयलर से."

अमोनियाचे थेंब टाकून हलवताच नळीतलं पाणी पुदिन्याच्या चटणीसारखं हिरवं झालं. काकांनी ती उजेडात धरली. दुकानातल्या एका बाईने हातातली माशांची पिशवी हळूच परत ठेवली. शेठने हात जोडले, "बाबा, धंदा खोटी मत करो." मी काकांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

मला वाटलं, झालं. पुढच्या रविवारी काका पुन्हा तयार. हातात स्टीलचा डबा, डब्यात टाकीचं पाणी, आणि पाण्यात त्या काळ्या स्पंजाचा तुकडा. स्वतःच्या टाकीतला, कात्रीने कापलेला. "त्याच्याकडचं विरजण मेलंय," म्हणाले, "उसनं द्यायला हवं." दुकानात त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. "शेठ, ये जामन है. दही का होता है ना, वैसा. फिल्टर में डालो. धोना मत." शेठने डब्यात बघितलं, काकांकडे बघितलं आणि बहुतेक वाद नको म्हणून घेतला. दोन महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा त्याने आम्हाला बसवून घेतलं, घरून दाल-पकवान मागवलं आणि म्हणाला, "गुप्ते साहब, मच्छी मरना बंद हो गया. आपका जामन मैंने तीन टंकी में बाँट दिया." परतताना रिक्षात उल्हासनगर ते अंबरनाथ काकांचा एक पाय ताल धरून हलत होता.

मागच्या दिवाळीच्या आधी काकांना दम लागायला लागला. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे. फुफ्फुसात पाणी झालं असं निघालं. "बघा सेक्रेटरी," म्हणाले, "आयुष्य पाण्यात गेलं, आता पाणी माझ्यात आलंय. नमुना घेऊन तपासतायत." मृणाल बंगळूरहून आली. अंबरनाथच्या हॉस्पिटलात दाखल करायचं ठरलं. खाली रिक्षा उभी, मृणाल पिशव्या घेऊन घाई करतेय, आणि काका टाकीसमोरून हलेनात. मला सगळं दाखवलं. ड्रम, बाटल्या, गांडुळांचा डबा, रजिस्टर. शेवटी म्हणाले, "स्पंजाला हात लावू नका." मग सरळ उभे राहिले.

"चार्ज दिला."

"हो हो काका, तुम्ही निघा, मी बघतो सगळं," मी म्हटलं.

काका उभेच. मृणाल म्हणाली, "बाबा, चला ना." काका माझ्याकडे बघत उभे. मला वाटलं दम लागलाय, मी खुर्ची पुढे केली. तेवढ्यात मागून वैशाली म्हणाली, "चार्ज घेतला, काका." तेव्हा ते वळले आणि जिना उतरायला लागले.

पहिले सहा दिवस मी आदर्श होतो. सातला उठून थेंब टाकत होतो. पिवळं, आकाशी. मृणालने कळवलं की लक्ष्मीपूजनापर्यंत घरी सोडतील. घरात चकल्या चालू होत्या, खालीवर साफसफाई चालू होती, पंख्यांची पाती पुसली जात होती. आणि माझ्यात तो जुना, ड्रम कलंडणारा सेक्रेटरी जागा झाला. वाटलं, काका येतील तेव्हा टाकी कशी झळकली पाहिजे. आधी काच पुसली. मग कुंडे घासले. मग तो काळा स्पंज दिसला. सगळ्या लखलखाटात तेवढाच डाग. काकांना आता कुठे वाकून हे करायला जमणार, असंही मनात आलं, म्हणजे मी ते प्रेमाने केलं. बादलीत घालून स्पंज आमच्या घरी आणला, मागच्या धुण्याच्या जागेत नळ पूर्ण सोडला आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिळून काढला. मूळचा पिवळा होता तो. मला कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरने गांडूळ घेतलं नाही. कल्ले पुढे मुडपले होते, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं होतं. हसू तेवढं तसंच होतं, आणि ते बघवत नव्हतं. मी थेंब टाकले. एक नळी हिरवी, दुसरी जांभळी. तेव्हा मला चहातलं बिस्कीट आठवलं.

मी काय केलं? रजिस्टरात शून्य लिहिलं. दोन्ही रकान्यांत. दुसऱ्या दिवशीही लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. काका घरी येऊन आधी रजिस्टर उघडणार हे मला माहीत होतं. तोवर पाणी बदलून बदलून सुधारू, असा विचार होता. पण बसवलेलं पाणी दोन ड्रमच, दोन दिवसांनी मिळणारं. वैशालीलाही बोललो नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मृणालचा फोन आला, बाबांना आत्ता सोडत नाहीयेत, तुम्हाला बोलावतायत. मी गेलो. काका उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, पण कानावर पेन्सिल. कुठून मिळवली होती कोण जाणे.

"तापमान?"

"एकोणीस."

"जेवतोय?"

"मस्त."

"नायट्राईट?"

"शून्य, काका."

ते थांबले. "रंग?"

"पिवळा," मी म्हटलं. पटकन. शाळेत उत्तर यावं तसं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं दम लागलाय. मला नेहमी हेच वाटायचं. मग ते म्हणाले, "बरं," आणि मृणालकडे वळले, "माझा फोन कुठाय गं?" मी निघालो. दारातून वळून पाहिलं तर ते सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. खिडकीचा उजेड तिच्यातून येत होता आणि काकांनी एक डोळा किंचित मिटला होता. रंग बघताना मिटायचे तसा.

तेच माझं शेवटचं बघणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता उल्हासनगर गाठलं. घनशामदासकडून ती निळी बाटली आणायला. दिवाळीच्या गर्दीत त्याने मला लांबूनच ओळखलं आणि मी तोंड उघडायच्या आत काउंटरखालून स्टीलचा डबा काढला. तोच डबा. त्यात पाणी, पाण्यात काळा स्पंज.

"ये लो, साईं. गुप्ते साहब का जामन, वापस."

मी डबा हातात घेतला.

"कल शाम को उनका फोन आया. साँस फूल रही थी बेचारे की. बोले, मेरा सेक्रेटरी आएगा. नीली दवा माँगेगा, मत देना. मछली को टब में रखना, रोज पूरा पानी बदलना, ठंडे में रखना. और बोले," शेठ जरा घुटमळला, "बोले, उससे कुछ पूछना मत. शरमाएगा."

नायट्राईट नसलं की आकाशी. मी पिवळा म्हटलं होतं. त्यांनी दोनच रंग लक्षात ठेवायला सांगितले होते.

परतीच्या वाटेवर अंबरनाथ लागतं. उल्हासनगर आणि बदलापूरच्या मध्येच ते आहे, टाळता येत नाही. मांडीवर डबा घेऊन मी स्टेशनात गाडी थांबलेली पाहिली, माणसं उतरलेली पाहिली आणि उतरलो नाही. मनाशी म्हटलं, स्पंज आधी टाकीत गेला पाहिजे, नाहीतर वस्ती मरेल. तो डब्यात पाण्यात होता. तासभर काय, संध्याकाळपर्यंत जगला असता. खरं कारण एवढंच होतं की मला काकांकडे खरा आकाशी रंग घेऊन जायचं होतं. आधी चूक दुरुस्त करायची, मग सांगायची. म्हणजे सांगताना ती जरा लहान दिसते.

घरी येऊन स्पंज टाकीत सोडला आणि वैशालीला सगळं सांगितलं. फ्रीजमधला फराळाचा खालचा कप्पा तिने रिकामा केला आणि म्हणाली, "आणा त्याला." ज्या बाईला पाल दिसली की शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू जायचं, तिने इन्स्पेक्टरला पसरट डब्यात घेऊन दह्याशेजारी ठेवलं. रोज सकाळी बसवलेल्या पाण्याने डबा बदलायची. भाऊबीजेला तिचा भाऊ आला, त्याने सरबताला बर्फ काढायला फ्रीज उघडला आणि सरबत न घेताच गेला.

काका त्यानंतर चौथ्या दिवशी गेले. टाकीतलं पाणी तेव्हा अजून जांभळंच होतं.

आकाशी रंग आला तो त्यानंतर दहा दिवसांनी. सकाळी सातला. मी अंगठ्याने तोंड दाबून नळी हलवली, उजेडात धरली, आणि खोलीत दाखवायला कोणी नव्हतं. भिंतीवर आता दोन फोटो होते. मृणालने घर आवरायला घेतलं होतं. तिला मी सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "बाबा त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर हसत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, सेक्रेटरीने आकडा खोडला." मग तिने विचारलं, इन्स्पेक्टर तुमच्याकडे राहील का? दोन आठवडे तरी? तिचं तिलाच हसू आलं आणि मग रडू.

टाकी आमच्या घरी आली. जिथे टीव्ही होता तिथे. इन्स्पेक्टरचे झडलेले कल्ले हळूहळू पुन्हा फुटतायत. त्यांच्या जातीला ते येतं. मृणालने रजिस्टरही दिलं. एका संध्याकाळी मी ते उघडून बसलो. काकांच्या बारीक अक्षरांच्या पानांमागून माझी पानं सुरू होत होती, आणि त्यात ती सहा शून्यं होती. फार गोल काढली होती मी. पट्टी घेतली. प्रत्येकावर एक बारीक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर आठवत होते ते खरे आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "स्पंज नळाखाली धुतला." बाजूला सही केली. पेन बंद करणार, तेवढ्यात मागे वैशाली येऊन उभी राहिली. तिने पान वाचलं, वरपासून खालपर्यंत.

"सरका जरा," ती म्हणाली. "चार्ज मी घेतला होता. आणि तुमचा नळ धो धो चाललेला मला ऐकू येत होता. चकल्या जळतील म्हणून उठले नाही. द्या पेन. माझी सही लागते इथे."